विहिरीत समुद्र आला कुठून?

अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्यापासून जवळात जवळचा समुद्र चारशे किलोमीटरहून दूर आहे. तरीही त्या पट्ट्यातल्या कित्येक विहिरींचं पाणी असं की डाळ शिजायला घेत नाही, साबणाला फेस येत नाही आणि पाहुण्यापुढे तांब्या ठेवताना घरातलं माणूस आधीच सांगून टाकतं, "नळाचं आहे बरं, विहिरीचं नाही." बाहेरून आलेला माणूस इथे दोन प्रश्न हमखास विचारतो. पहिला, इथे पूर्वी समुद्र होता का? आणि दुसरा, विहिरीला बारमाही पाणी आहे, मग शेतकरी ओलीत का करत नाही? पहिल्या प्रश्नाचं उत्तर दोन-तीन पानांत होईल. दुसऱ्याला वेळ लागेल, कारण त्याचं उत्तर पाण्यात जितकं आहे तितकंच मातीत आहे.

१. पाऊस गोड, मग विहीर खारी कशी?

पावसाचं पाणी जवळजवळ शुद्ध असतं. हवेतून खाली येताना आणि मातीच्या वरच्या थरातून झिरपताना ते कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. हे सौम्य आम्ल दगडावर काम करतं. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा. त्यातल्या खनिजांमधून सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम सुटतात आणि पाण्याबरोबर खाली जातात. म्हणजे थोडेफार क्षार नाहीत अशी विहीर महाराष्ट्रात सापडायची नाही. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकानुसार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार चालतात. दुसरा स्रोतच नसेल तर २००० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे.

दगड झिजून क्षार निर्माण होणं सगळीकडे चालू असतं. मग कोकणातल्या डोंगराळ गावची विहीर गोड आणि अकोल्याची खारी, असं का? क्षार तयार झाल्यावर ते वाहून जातात की जागच्या जागी साठतात, यावर ते ठरतं. साठतात कसे, हे पाहायला मातीचा माठ पुरेसा आहे. माठातलं पाणी भिंतीतून पाझरून बाहेरच्या अंगाला येतं, वारा लागून उडून जातं आणि आतलं पाणी गार होतं. महिना-दोन महिने वापरलेल्या माठाला बाहेरून पांढुरका थर दिसायला लागतो. तो थर आपण कधी माठाला लावलेला नसतो. पाण्याची वाफ होते तेव्हा ती क्षार बरोबर नेत नाही. ते भिंतीवरच राहतात. पाणी जितकं मचूळ, तितका थर लवकर आणि जाड.

जमिनीत हेच घडतं. वरचा पृष्ठभाग म्हणजे माठाची बाहेरची बाजू. पाऊस भरपूर आणि उतार चांगला असेल तर दरवर्षी हा थर धुऊन नदीला लागतो. पाऊस कमी, ऊन कडक, माती चिकण आणि उतार नावापुरता असेल तर तो धुतला जात नाही. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर याचं टोकाचं उदाहरण: उल्केच्या आघाताने झालेलं विवर, पाणी आत येतं, बाहेर जायला ओढा नाही, म्हणून पाणी खारं आणि अल्कधर्मी. (लोणारजवळही पूर्णा नावाची नदी आहे, ती गोदावरीला मिळते. आपण ज्या पूर्णेबद्दल बोलणार आहोत ती वेगळी, तापीला मिळणारी.)

२. पूर्णेचं खोरं

ही पूर्णा सातपुड्यात, मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात उगम पावते, अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतून पश्चिमेला जाते आणि चांगदेवजवळ तापीला मिळते. तिच्या दोन्ही अंगांना जो सपाट, काळाभोर प्रदेश आहे त्यातला मोठा भाग म्हणजे खारपाणपट्टा. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर, बाळापूर, शेगाव, संग्रामपूर असे तालुके कमी-अधिक प्रमाणात त्यात येतात. क्षेत्र सुमारे ४७०० चौरस किलोमीटर, गावं नऊशेच्या आसपास.

भूगोल साधा आहे. उत्तरेला सातपुड्याची गाविलगड रांग, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, मधे खचलेली लांबट दरी. त्या दरीत नद्यांनी लाखो वर्षं गाळ आणून टाकला. तो शेकडो मीटर जाड आहे आणि त्यात चिकण मातीचे थर भरपूर. पाणी त्यात शिरतं, पण पुढे सरकायला फार वेळ घेतं. जितका वेळ ते मातीशी आणि दगडाच्या चुऱ्याशी लागून राहतं तितके क्षार त्यात उतरतात. त्यात पाऊस वर्षाला साधारण ७०० ते ८५० मिलिमीटर, तोही चार महिन्यांत, आणि मे महिन्यातलं अकोल्याचं ऊन तर सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पाण्याची ये-जा कमी आणि वाफ जास्त, अशी ही दरी.

फरक पाहायचा असेल तर अकोटच्या उत्तरेकडून निघावं. सातपुड्याच्या पायथ्याशी डोंगरातून आलेले गोटे आणि जाड वाळू यांचा पट्टा आहे. तिथे पाणी झपाट्याने मुरतं, झपाट्याने पुढे जातं आणि गोड राहतं. म्हणून तिकडे संत्र्याच्या बागा आणि केळी दिसतात. आता तर उपसा इतका झाला आहे की पाणी खोल गेल्याची तक्रार आहे. तिथून दक्षिणेला, दहीहंड्याकडे उतरत गेलं की बागा विरळ होत संपतात आणि नजर पोचेल तिथपर्यंत पऱ्हाटी, तूर आणि दिवाळीनंतर हरभरा. झाडही फारसं नाही. ही दोन चित्रं एकाच तालुक्यातली असू शकतात. जमीन दोन्हीकडे काळीच. खालच्या पाण्याची चाल वेगळी.

आता समुद्राचं. एक गोष्ट खरी आहे: नर्मदेच्या खोऱ्यात, मध्य प्रदेशातल्या बाग परिसरात, सागरी जीवांचे अवशेष सापडतात. पण तो समुद्र दख्खनच्या लाव्हाच्या आधीचा, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांहून जुना. पूर्णेचा गाळ लाव्हाच्या खूप नंतरचा आणि तो नद्यांनी आणलेला आहे. तेव्हा विहिरीत समुद्र शोधायची गरज नाही. मीठ घरचंच आहे, सातपुड्याच्या आणि अजिंठ्याच्या दगडातून निघालेलं, फक्त बाहेर न पडता साठत गेलेलं. इतकं, की इंग्रजी अंमल येईपर्यंत दहीहंड्याच्या आसपास खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ तयार करण्याचा धंदा चालत असे.

३. एका पाळीत किती मीठ?

पाणी खारं आहे हे जिभेला कळतं, पण शेताला किती मीठ मिळतं हे जिभेला कळत नाही. त्यासाठी हिशेब करू.

पाण्यातून वीज किती सहज वाहते यावरून त्यातले क्षार मोजतात. क्षार जास्त, तर वीज जास्त वाहते. या मापाला विद्युत वाहकता म्हणतात आणि प्रयोगशाळेच्या कागदावर ती 'ई.सी.' या नावाने, डेसीसायमन प्रति मीटर या एककात लिहिलेली असते. ढोबळ नियम असा: एक डेसीसायमन म्हणजे लिटरमागे सुमारे ६४० मिलिग्रॅम क्षार.

समजा विहिरीच्या पाण्याची ई.सी. ३ आहे. म्हणजे लिटरला १.९ ग्रॅम क्षार. एका एकराला ६ सेंटिमीटर पाण्याची एक पाळी दिली, तर पाणी झालं २ लाख ४३ हजार लिटर. गुणाकार केला की क्षार येतात ४६६ किलो. पन्नास किलोची नऊ पोती, एका एकराला, एका पाळीला. रब्बीत चार पाळ्या दिल्या तर अठरा क्विंटलांच्या वर. पिकाने यातलं अगदी थोडं उचललं, बाकी सगळं वावरात.

पाऊस हे धुऊन नेणार नाही का? हलकी, मुरमाड जमीन असेल तर बरंचसं नेईल. काळ्या भारी जमिनीत ते तितकं सोपं नाही. त्याचं कारण पाचव्या भागात.

४. ओल आहे, तरी पीक मान टाकतं

खारवट शेतातला हा चकवा नव्या माणसाला समजत नाही. माती हाताला ओली लागते आणि पीक दुपारी सुकल्यासारखं दिसतं. मुळाच्या आत पेशीरस असतो, बाहेर मातीतलं पाणी. ज्या बाजूला क्षार जास्त त्या बाजूला पाणी ओढलं जातं. एरवी पेशीरस जास्त दाट असतो म्हणून पाणी आत येतं. मातीतलं पाणीच खारं झालं की ही ओढ कमी होते आणि झाडाला प्रत्येक थेंबासाठी जास्त जोर लावावा लागतो. त्यात सोडियम आणि क्लोराइड आत शिरून पानांच्या कडा करपवतात, ते वेगळं.

सगळी पिकं सारखी हळवी नसतात. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या मास आणि हॉफमन या शास्त्रज्ञांनी पिकांच्या सहनशक्तीचा तक्ता प्रसिद्ध केला. तो आजही जगभर वापरला जातो. त्यात प्रत्येक पिकाला दोन आकडे आहेत. मातीतल्या पाण्याची ई.सी. किती होईपर्यंत उत्पन्न घटत नाही हा एक, आणि त्यानंतर प्रत्येक एककामागे किती टक्के घटतं हा दुसरा. कापसाची मर्यादा ७.७, गव्हाची ६, उसाची १.७, कांद्याची १.२. कांदा मर्यादा ओलांडल्यावर दर एककाला १६ टक्के घटतो, ऊस जवळपास ६ टक्के.

मातीची ई.सी. ४ झाली असेल तर कांदा (४ वजा १.२) गुणिले १६, म्हणजे ४५ टक्के घटला. त्याच वावरात कापसाला काहीही झालेलं नाही. पूर्णेकाठी कपाशी टिकली यामागे बाजार आहे, काळी जमीन आहे, आणि कपाशीची ही सहनशक्तीही आहे. हरभरा मात्र खाऱ्या पाण्याला चांगलाच हळवा. तो इथे येतो कारण तो विहिरीच्या पाण्यावर नाही, पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर वाढतो, आणि पावसाने वरचा थर तेवढ्यापुरता गोड केलेला असतो.

५. सोडियमची खोड

आतापर्यंत आपण सगळ्या क्षारांना एकच धरलं. खरी भानगड त्यांच्यातल्या एकाची आहे. काळी माती अतिसूक्ष्म चिकण कणांची बनलेली असते आणि या कणांच्या अंगावर ऋण विद्युतभार असतो. त्याला धन भाराचे कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम चिकटून बसतात. कॅल्शियम कणांना जवळ धरून ठेवतो. त्यांचे रवे होतात आणि रव्यांमधल्या फटींतून पाणी, हवा, मुळं जातात. सोडियम उलट वागतो. तो भोवती पाण्याचं मोठं वेष्टण घेऊन येतो आणि कणांना एकमेकांपासून दूर ढकलतो. रवे फुटतात, सुटे झालेले कण वाहत जाऊन फटी बुजवतात आणि जमीन चोपण होते. पाऊस पडला की चिखल इतका चिकट की पायातली चप्पल राहते, आणि वाळली की ढेकूळ कुदळीने फुटत नाही. शेतातल्या खड्ड्यात साचलेलं पाणी चार दिवस झाले तरी निवळत नाही, गढूळच राहतं. हे चोपणपणाचं अगदी भरवशाचं लक्षण.

घरी करून पाहण्यासारखी एक परीक्षा आहे. काचेच्या पेल्यात पावसाचं पाणी घ्यावं आणि शेतातलं वाटाण्याएवढं वाळलेलं ढेकूळ अलगद सोडावं. हलवू नये. ढेकूळ नुसतं विस्कटलं आणि भोवतीचं पाणी स्वच्छ राहिलं तर ठीक. पण ढेकळाभोवती दुधाळ धुरकट वलय पसरायला लागलं, तर सोडियमने कण सुटे केले आहेत. ही परीक्षा विहिरीच्या खाऱ्या पाण्यात केली तर फसवते, आणि ती का फसवते हे समजून घेण्यासारखं आहे.

पाण्यात क्षार भरपूर असतील तर सोडियम असूनही कण एकमेकांना धरून राहतात. म्हणून खाऱ्या पाण्याने ओलीत करत असताना जमीन बरी वाटते, पाणी मुरतं, शेतकऱ्याला वाटतं की लोक उगाच घाबरवतात. मग जून उजाडतो. पावसाचं गोड पाणी सुटे क्षार धुऊन नेतं, पण कणांना चिकटलेला सोडियम तिथेच राहतो. आधार गेला आणि खोड उरली. पहिल्या-दुसऱ्या पावसातच वरचा थर लिंपल्यासारखा होतो आणि पाणी मुरायच्या ऐवजी वाहून जातं. नुकसान केलं रब्बीतल्या ओलिताने, दिसलं खरिपातल्या पेरणीला. त्यामुळे दोन गोष्टींचा संबंध लागत नाही आणि दोष बियाण्याला दिला जातो.

जमीन चोपण कधी म्हणायची, याचा आकडा १९५४ मध्ये अमेरिकेच्या क्षार प्रयोगशाळेने ठरवला: कणांना चिकटलेल्या एकूण धन भारात सोडियमचा वाटा १५ टक्के झाला की. तो वर्षानुवर्षं सगळीकडे पाठ केला गेला. पण फुगणाऱ्या-भेगाळणाऱ्या काळ्या मातीला तो लागू पडत नाही. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी पूर्णेच्या खोऱ्यात काम करून दाखवलं की सोडियमचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास गेला तरी या मातीतून पाणी उतरण्याचा वेग बराच खाली येतो. म्हणजे पुस्तकाप्रमाणे 'निर्दोष' ठरणारी जमीन वावरात आधीच आजारी असते.

त्यांनी आणखी एक गोष्ट पुढे आणली. या कोरड्या हवेत मातीतला विरघळलेला कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने घट्ट होतो. खणलं की पांढरे खडे निघतात ते हेच. कॅल्शियम असा खड्यांत अडकला की उरलेल्या पाण्यात सोडियमचं पारडं आपोआप जड होतं, तेही कोणी एक थेंब ओलीत न करता. म्हणजे खारपाणपट्ट्यातली जमीन स्वतःच हळूहळू चोपण होत चालली आहे. खारं पाणी फक्त तिचा वेग वाढवतं. आता दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पूर्ण झालं. विहिरीला पाणी असून जो शेतकरी मोटार लावत नाही, तो आळशी नाही. त्याच्या आज्याने कधीतरी लावून पाहिलेली असते.

६. गोड पाण्यानेही तेच

बहुतेक पुस्तकं इथे वाचकाला मेसोपोटेमियात नेतात. आपल्याला बारामतीपर्यंत गेलं तरी पुरे. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला, ऊस आला, आणि पंचवीस वर्षांत खोऱ्यातल्या जमिनी पांढऱ्या पडू लागल्या. १९१० मध्ये पुण्याच्या शेतकी कॉलेजातले हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. १९१६ मध्ये मुंबई सरकारने सिंचनाच्या पद्धती सुधारण्यासाठी एक खास विभाग काढला. तीच संस्था वाढत वाढत आज खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र झाली आहे.

नीरेचं पाणी तर गोड. मग हे झालं कसं? पुन्हा हिशेब. कालव्याच्या पाण्याची ई.सी. ०.३ धरू, म्हणजे लिटरला सुमारे १९० मिलिग्रॅम, पिण्याला उत्तम. उसाला वर्षभरात दोन मीटर पाणी दिलं तर एकरी सुमारे ८१ लाख लिटर. त्याबरोबर आलेले क्षार दीड टनाच्या वर, दरवर्षी. गोड पाणी म्हणजे क्षार नसलेलं पाणी नव्हे. फक्त लिटरमागे थोडे. आणि लिटरच इतके असतात की तो थोडेपणा पुसला जातो.

पण एवढ्याने जमीन जात नाही. ती जाते खालचं पाणी वर आल्याने. पाटाने दिलेलं पाणी पिकाच्या गरजेपेक्षा जास्त असतं; उरलेलं खाली उतरतं आणि निचऱ्याची वाट नसेल तर भूजलाची पातळी वर्षावर्षाला चढते. ती पृष्ठभागापासून दीड-दोन मीटरवर आली की चिकण मातीच्या बारीक फटींतून पाणी आपोआप वर ओढलं जातं, वर येऊन उडतं आणि क्षार ठेवून जातं. आपल्या माठाचा पांढरा थर आता एकरावर पसरलेला असतो. मिरज, वाळवा, पलूस, शिरोळ या कृष्णा-वारणाकाठच्या तालुक्यांत याला क्षारपड म्हणतात. जमिनीची किंमत कागदावर लाखांत आणि वर फक्त गवत, अशी शेतं तिथे आहेत. एका गोष्टीचा मला नेहमी अचंबा वाटतो: विदर्भातला शेतकरी पाणी खारं म्हणून ओलीत करत नाही आणि गरीब राहतो, कृष्णाकाठचा पाणी गोड म्हणून नको तेवढं देतो आणि जमीन घालवतो. सरकारी भाषेत मात्र एक 'सिंचनापासून वंचित' आणि दुसरा 'प्रगतिशील'.

७. काय करता येतं

क्षार मारण्याचं औषध नसतं. त्यांना धुऊन बाहेर काढावं लागतं, आणि बाहेर म्हणजे खरोखर शेताच्या बाहेर.

कृष्णाकाठी यासाठी सच्छिद्र पाइपांचा निचरा करतात. साधारण सव्वा मीटर खोल, वीस ते तीस मीटर अंतरावर, ८० मिलिमीटर व्यासाचे भोकं पाडलेले पाइप पुरतात, त्यांना गाळणीचं कापड गुंडाळलेलं असतं. ते मोठ्या पाइपाला आणि तो पाइप नाल्याला जोडतात. मग पाऊस आणि पाटाचं पाणी क्षार घेऊन खाली उतरतं आणि पाइपातून निघून जातं. खर्च मोठा आहे, पण त्याहून मोठी अडचण माणसांची. पाइप नाल्यापर्यंत न्यायचा तर तो खालच्या शेजाऱ्याच्या रानातून जाणार. एकाने अडवलं की वरच्या पन्नास जणांचं पाणी अडलं. म्हणून जिथे गावाने मिळून, साखर कारखान्याच्या पुढाकाराने काम केलं, तिथे ते झालं. शिरोळच्या श्री दत्त साखर कारखान्याच्या परिसरातली कामं पाहायला लोक दुरून येतात. निघालेलं खारं पाणी नाल्यातून नदीत, नदीतून पुढच्या गावात जातं, या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर मात्र अजून कोणाकडे नाही.

चोपण जमिनीला नुसता निचरा पुरत नाही, कारण पाणी पाइपापर्यंत उतरतच नाही. तिथे आधी जिप्सम लागतं. जिप्सममधला कॅल्शियम कणावरच्या सोडियमला ढकलून त्याची जागा घेतो आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर जाऊ शकतो. जिप्सम किती टाकायचं ते माती परीक्षणावरून काढतात. उन्हाळ्याच्या शेवटी टाकून वरच्या थरात मिसळलं की पावसाळा धुण्याचं काम करतो. धैंचा किंवा ताग गाडल्यानेही मदत होते. सेंद्रिय पदार्थ कुजताना निघणारी आम्लं चुनखडीतला अडकलेला कॅल्शियम थोडा-थोडा मोकळा करतात.

खारपाणपट्ट्यात मात्र सगळ्यात शहाणपणाचा उपाय जमिनीखाली नाही, वर आहे. पावसाचं पाणी शेततळ्यात धरायचं आणि हरभऱ्याला फुलोऱ्याच्या सुमारास एक-दोन पाळ्या द्यायच्या. इथे चोपणपणा चक्क उपयोगी पडतो: ज्या मातीतून पाणी उतरत नाही, त्या मातीतल्या तळ्याला प्लास्टिकचं अस्तर नसलं तरी पाणी टिकतं. २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जावर सुरू झालेल्या, गावोगावी 'पोकरा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात खारपाणपट्ट्यातली गावं मुद्दाम घेतली गेली. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने क्षार सोसणारा 'कर्नाल चना-१' हा हरभरा काढला आहे. बियाणं म्हणून तो उपयोगी, पण खाऱ्या विहिरीवर मोटार बसवण्याचा परवाना म्हणून त्याकडे पाहू नये.

पूर्णेवर आता जिगाव धरण आणि नेर-धामणा बॅरेजसारखी कामं उभी राहत आहेत. गोडं पाणी येणार ही या भागासाठी मोठी गोष्ट आहे. पण ज्या मातीत सोडियम आधीच बसला आहे तिथे पाटाने मोकाट पाणी सोडलं तर शिरोळला जे घडायला काही दशकं लागली ते इथे लवकर घडेल. पाणी बंद नळीतून आणि तुषार संचांनी द्यायचं, आणि निचऱ्याचे चर पाण्याच्या आधी खणायचे, नंतर नाही.

८. अहवाल हातात आल्यावर

पाण्याचा नमुना तपासायला दिला की कागदावर बरेच आकडे येतात. शेतकऱ्याने तीन पाहावेत. ई.सी. आपल्याला माहीत आहे, २.२५ च्या वर गेली की पाणी जास्त खारं समजतात. 'एस.ए.आर.' म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या मानाने सोडियम किती जोरात आहे त्याचं माप. आणि 'आर.एस.सी.' सांगतो की पाण्यातले कार्बोनेट-बायकार्बोनेट मातीतला कॅल्शियम चुनखडी करून किती अडकवतील; तो २.५ च्या वर असेल तर पाणी ओलिताला नको.

दोन विहिरी घ्या. पहिलीची ई.सी. ३, एस.ए.आर. ४, आर.एस.सी. शून्य. दुसरीची ई.सी. १.२, एस.ए.आर. ९, आर.एस.सी. ४. चव घेतली तर पहिली खारी, दुसरी बऱ्यापैकी गोड. गावात विचारलं तर सगळे दुसरीचं पाणी चांगलं म्हणतील. काळ्या जमिनीसाठी मात्र दुसरी जास्त धोक्याची आहे, कारण तिच्यात सोडियम मोकळा आहे, कॅल्शियमला अडकवणारे बायकार्बोनेट आहेत आणि कणांना धरून ठेवायला पुरेसे क्षारही नाहीत. पहिलीचं पाणी निचऱ्याच्या हलक्या जमिनीत, कपाशीसारख्या पिकाला, जपून वापरता येईल.

नमुना घेताना मोटार अर्धा तास चालू द्यावी, बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळावी आणि काठोकाठ भरून लगेच झाकण लावावं. नमुने दोन घ्यावेत, एक दिवाळीनंतर आणि एक मे महिन्यात. पावसाळ्यानंतरचं पाणी पातळ झालेलं असतं, त्यामुळे त्याचा कागद जास्त आशादायक दिसतो. दोन्ही कागद वेगळं सांगत असतील तर पीक ठरवताना मे महिन्याचा धरायचा.